जुन्या कॉम्प्युटरवर वॉलपेपरचे रंग बरोबर कसे आणायचे, नवख्यांसाठी पहिल्यापासून

जुना कॉम्प्युटर तसा धड चालत असतो, पण एखादा छान फोटो वॉलपेपरला लावला की आकाशात पट्टे दिसतात, चेहरे गुलाबी नाहीतर हिरवट होतात, काळं ते करडं आणि पांढरं ते पिवळट दिसतं. मग बहुतेक जण काय करतात, तर तो फोटोच एडिट करत बसतात, निळा कमी कर, ब्राइटनेस वाढव, जरा भडक कर, आणि समोरच्या स्क्रीनवर कसाबसा बरा दिसायला लागला की सेव्ह करून मोकळे. प्लीज असं करू नका. फोटो बऱ्याचदा चांगलाच असतो, स्क्रीन चुकीचा दाखवत असते, आणि स्क्रीनच्या दोषापायी फोटो बिघडवला की तो दुसऱ्या प्रत्येक मशिनवर बिघडलेलाच दिसणार. तराजूचा काटा शून्यावर आणल्याशिवाय वजन करण्यात अर्थ नाही, तसंच हे.

फाइलमधला रंग तुमच्या डोळ्यापर्यंत पोचायच्या आधी विंडोज, ग्राफिक्स कार्ड, केबल आणि मॉनिटर एवढ्यांच्या हातून जातो आणि यातला कुणीही त्यात फेरफार करू शकतो. म्हणून क्रम पाळायचा: आधी मशिन किती रंग दाखवतंय ते बघायचं, मग केबल, मग मॉनिटर, मग रंग बदलणारी सॉफ्टवेअर, आणि फोटोला हात सगळ्यात शेवटी. एखादी पायरी तुमच्याकडे आधीच ठीक असेल तर खुशाल पुढे जा, पण क्रम उलटा करू नका.

पायरी १: मशिन किती रंग दाखवतंय

याला कलर डेप्थ म्हणतात आणि जुन्या मशिनवरचा निम्मा त्रास इथेच असतो. ४ बिट म्हणजे फक्त १६ रंग, ८ बिट म्हणजे २५६, १६ बिट म्हणजे ६५,५३६ आणि २४ बिट म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या वर. ३२ बिट असं लिहिलेलं दिसतं तिथे रंग २४ बिटचेच असतात, वरचे ८ बिट रंगासाठी नसतात, त्यामुळे २४ आणि ३२ मधे दिसण्यात काही फरक नाही, दोन्हीतलं जे मिळेल ते घ्या.

विंडोज ९५, ९८ आणि एक्सपीमधे डेस्कटॉपवर रिकाम्या जागी राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग सेटिंग्ज टॅब. ९५-९८ मधे तिथे कलर्स म्हणून यादी असते, एक्सपीमधे कलर क्वालिटी लिहिलेलं असतं, मीडियम म्हणजे १६ बिट आणि हायेस्ट म्हणजे ३२ बिट. विंडोज ७ मधे स्क्रीन रेझोल्यूशन उघडा, अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमधे जा, मॉनिटर टॅबवर ट्रू कलर ३२ बिट आहे ना ते बघा. विंडोज ८ पासून पुढे डेस्कटॉप ३२ बिटमधेच चालतो, तिथे ही पायरी सोडून द्या.

आता यादीत वरचा पर्याय दिसतच नसेल तर दोनच शक्यता आहेत, ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारा प्रोग्रॅम) नाही किंवा ग्राफिक्स कार्डात मेमरी कमी. ड्रायव्हर आधी बघा कारण तेच जास्त वेळा असतं. विंडोज नव्याने टाकलं आणि कार्डाचा ड्रायव्हर टाकायचा राहिला की ते साध्या व्हीजीए मोडवर चालतं, म्हणजे ६४० बाय ४८० आणि १६ रंग, त्यात फोटो म्हणजे नुसते ठिपके दिसतात. डिव्हाइस मॅनेजरमधे व्हिडिओ कंट्रोलरपुढे पिवळं चिन्ह दिसलं की समजायचं हेच आहे. कार्डाचं मॉडेल शोधा, लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या मॉडेलवरून शोधा, आणि त्या विंडोजसाठी निघालेला शेवटचा ड्रायव्हर घ्या, त्याच्या नंतरच्या विंडोजसाठी निघालेला नको.

मेमरीचा हिशोब सोपा आहे, रुंदी गुणिले उंची गुणिले प्रत्येक पिक्सेलचे बाइट. ८ बिटला एक बाइट, १६ ला दोन, २४ ला तीन, ३२ ला चार. १०२४ बाय ७६८ ला १६ बिटमधे १५,७२,८६४ बाइट लागतात, म्हणजे दीड एमबी, तेव्हा १ एमबीच्या कार्डावर ते बसणारच नाही, तिथे एवढ्या रेझोल्यूशनला २५६ रंगच मिळणार. पण त्याच कार्डावर ८०० बाय ६०० घेतलंत तर १६ बिट बसतं कारण लागतात ९,६०,००० बाइट, आणि ६४० बाय ४८० ला तर २४ बिटसुद्धा बसतं. २ एमबी असेल तर ८०० बाय ६०० ला २४ बिट मिळतं, ४ एमबी असेल तर १०२४ बाय ७६८ ला ३२ बिट आरामात. म्हणजे रेझोल्यूशन आणि रंग यात निवड करावी लागते, आणि सीआरटी म्हणजे जुना खोलगट काचेच्या नळीचा मॉनिटर असेल आणि फोटो वॉलपेपर हवा असेल तर माझं मत स्पष्ट आहे, रेझोल्यूशन एक पायरी खाली घ्या आणि रंग जास्त घ्या. एलसीडीवर म्हणजे चपट्या मॉनिटरवर मात्र मूळ रेझोल्यूशन सोडलं की सगळंच धुरकट होतं, तिथे आधी रेझोल्यूशन पक्कं ठेवा.

पायरी २: केबल

यात वेळ कमी जातो पण विसरतात सगळे. निळ्या तोंडाची जुनी व्हीजीए केबल असेल तर तिच्यात लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळ्या पिनांवरून येतात, १ नंबरवर लाल, २ वर हिरवा, ३ वर निळा. यातली एक जरी पिन वाकली किंवा आत तार सुटली तर तो रंग अख्ख्या स्क्रीनवरून गायब होतो. आणि हे ओळखणं अगदी सोपं आहे: पांढरी खिडकी उघडा, ती पिवळी दिसली तर निळा येत नाही, राणी कलरची दिसली तर हिरवा येत नाही, निळसर हिरवी दिसली तर लाल येत नाही. मॉनिटर बंद करून केबल काढा, पिना बघा (नऊ नंबरची पिन बऱ्याच केबलमधे मुळातच नसते, ती तुटलेली समजून घाबरू नका), सरळ लावून दोन्ही बाजूचे स्क्रू घट्ट करा. शब्दांच्या उजवीकडे पुसट सावली दिसत असेल तर केबल फार लांब किंवा हलकी आहे, आखूड आणि जाड घ्या, दोन्ही टोकांना गाठीसारखा जाड भाग असलेली मिळाली तर उत्तम.

एलसीडी व्हीजीएवर लावला असेल तर मॉनिटरच्या मेनूत ऑटो अॅडजस्ट असतं आणि काहींमधे ऑटो कलर म्हणून वेगळं असतं. ते चालवताना समोर स्क्रीनवर ठळक पांढरं आणि ठळक काळं दोन्ही असू द्या, कारण मॉनिटर त्यावरूनच अंदाज घेतो की सिग्नलमधलं सगळ्यात उजळ किती आणि गडद किती. नुसत्या गडद वॉलपेपरवर ऑटो कलर चालवलं तर उजळ छटा उडून जातात.

मॉनिटरऐवजी टीव्ही एचडीएमआयने जोडला असेल तर आणखी एक गोष्ट. कॉम्प्युटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ धरतो, टीव्ही मात्र बऱ्याचदा १६ ते २३५ धरतो. दोघांचं जुळलं नाही की एकतर सगळं फटफटीत करडं दिसतं किंवा सावल्या काळ्या गोळ्यासारख्या दिसतात. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमधे फुल रेंज आणि लिमिटेड रेंज असा पर्याय शोधा, नाहीतर टीव्हीत ब्लॅक लेव्हल किंवा एचडीएमआय लेव्हल, दोन्हीकडे एकच ठेवा.

पायरी ३: चाचणीचं चित्र बनवा

पुढच्या पायरीला हे लागणार आहे आणि हे पेंटमधेच बनतं, काही डाउनलोड करायला नको. तुमच्या स्क्रीनच्या रेझोल्यूशनएवढा कोरा कॅनव्हास घ्या. रंग बदलण्यासाठी एडिट कलर्समधे कस्टम कलर उघडलं की लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे टाकता येतात. तिन्ही आकडे सारखे टाकले की शुद्ध राखाडी मिळतो, त्यात कुठलीच झाक नसते, आणि आपल्याला तेच हवंय.

वरच्या ओळीत पूर्ण काळ्या पट्टीवर चौकोन काढा, तिन्ही आकडे ८ असलेला एक, मग १६, २४, ३२. खालच्या ओळीत पूर्ण पांढऱ्या म्हणजे २५५ च्या पट्टीवर २५०, २४५, २४०. मधे मोठे चौकोन ६४, १२८ आणि १९२ चे. आणि एका कोपऱ्यात थोडं कष्टाचं काम: एक पिक्सेल जाडीची काळी आडवी रेघ, तिच्याखाली पांढरी, परत काळी, अशा आठ-दहा रेघा काढून त्या कॉपी-पेस्ट करत मोठा चौकोन भरून टाका, आणि त्याला चिकटून तिन्ही आकडे १८७ असलेला सपाट चौकोन काढा. रेघा आडव्याच काढा, उभ्या नको, उभ्या बारीक रेघा सीआरटीवर नीट उमटत नाहीत आणि चाचणी चुकते.

सेव्ह करताना २४ बिट बीएमपी निवडा, जेपीजी अजिबात नको, जेपीजीत रेघांची वाट लागते. मग वॉलपेपर म्हणून लावा आणि पोझिशन सेंटर ठेवा, स्ट्रेच नको.

पायरी ४: मॉनिटर

मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या. सीआरटीला तर हे लागतंच, पण पडद्यामागे ट्यूबलाइटसारखा दिवा असलेले जुने एलसीडीसुद्धा चालू केल्या केल्या मंद आणि रंग बदललेले असतात. खोलीतला उजेड रोज असतो तसाच ठेवा, स्क्रीनवर खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड थेट पडू देऊ नका. लॅपटॉप किंवा स्वस्तातला जुना एलसीडी असेल तर तो बहुतेक टीएन प्रकारचा असतो, त्यात वरून बघितलं तर फिकट आणि खालून बघितलं तर गडद दिसतं, तेव्हा डोळ्याची उंची आणि स्क्रीनचा कोन एकदा ठरवा आणि पूर्ण चाचणी त्याच कोनात बसून करा. अशा पॅनेलवर स्क्रीनच्या वरच्या आणि खालच्या भागात एकाच रंगाच्या दोन छटा दिसणार, ते कुठल्याही सेटिंगने जाणार नाही, त्याच्यामागे लागू नका.

आता मॉनिटरच्या बटणांनी मेनू उघडा. व्हिव्हिड, मूव्ही, गेम, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट असलं जे काही चालू असेल ते बंद करा. एसआरजीबी नावाचा मोड असला तर तो निवडा, बहुतेक काम तिथेच होतं. एसआरजीबी म्हणजे एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मधे मांडलेलं रंगांचं माप, १९९९ मधे ते आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झालं, आणि आजही नेटवरचे बहुतेक फोटो त्याच मापात असतात. तो मोड नसेल तर कलर टेम्परेचरमधे ६५०० के निवडा. बऱ्याच जुन्या मॉनिटरवर कंपनीकडून ९३०० के लावून येतं, त्यात पांढरं चक्क निळसर असतं पण सवय झाल्यामुळे तेच खरं पांढरं वाटतं. ६५०० केल्यावर पहिल्यांदा सगळं पिवळट वाटेल, वाटू द्या, थोड्या वेळात डोळा सरावतो, त्याच्या आत परत बदलू नका.

मग काळं आणि पांढरं. सीआरटीवर नावं थोडी फसवी आहेत, ब्राइटनेसचं बटण खरं काळ्याची पातळी ठरवतं आणि कॉन्ट्रास्टचं बटण पांढऱ्याची. ब्राइटनेस वाढवून मग हळूहळू कमी करत या, पट्टी पूर्ण काळी झाली पाहिजे पण १६ चा चौकोन तिच्यावर ओळखू आला पाहिजे, ८ चा जेमतेम दिसला तर फारच छान. मग कॉन्ट्रास्ट, पांढऱ्या पट्टीवर २४५ चा चौकोन दिसत नसेल तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे, कमी करा. एलसीडीवर ब्राइटनेस म्हणजे बहुतेक मागचा दिवा असतो, तो डोळ्याला सोसेल तसा ठेवा, आणि कॉन्ट्रास्ट कंपनीने दिलेल्या आकड्यापासून फार लांब नेऊ नका.

आता मधल्या राखाडी चौकोनांकडे बघा. कुठली झाक दिसतेय? जुन्या एलसीडीचा दिवा म्हातारा झाला की पिवळट-लालसर झाक येते. मेनूत लाल, हिरवा, निळा असे वेगळे आकडे असतील तर इथे एक नियम पक्का ठेवा, जो रंग जास्त आहे तो कमी करायचा, जो कमी आहे तो वाढवायचा नाही. पिवळट दिसतंय म्हणजे लाल आणि हिरवा थोडे खाली आणा. निळा फार वर रेटलात तर उजळ भागातल्या छटा एकमेकीत मिसळून जातात. थोडा उजेड कमी होईल पण रंग खरे राहतील. सीआरटीच्या एखाद्या कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग असेल तर तो सेटिंगचा दोष नाही, शेजारच्या स्पीकरच्या चुंबकाचा आहे, स्पीकर लांब करा आणि मेनूतलं डिगॉस (चुंबकाचा परिणाम पुसणारा पर्याय) चालवा.

शेवटी तो रेघांचा चौकोन. दोन-तीन मीटर लांब जाऊन डोळे थोडे किलकिले करून बघा, रेघा एकमेकीत मिसळून सपाट राखाडी दिसायला लागतील. शेजारचा १८७ चा चौकोन त्यांच्याइतकाच उजळ दिसला तर गॅमा (मधल्या छटा किती उजळ किंवा गडद दिसतात त्याचं माप) २.२ च्या आसपास आहे, म्हणजे बरोबर आहे. सपाट चौकोन जास्त उजळ दिसला तर गॅमा कमी आहे, सगळे फोटो धुतल्यासारखे दिसणार. जास्त गडद दिसला तर गॅमा जास्त आहे, सावल्या बुडणार. मॉनिटरमधे गॅमाचा पर्याय असेल तर तिथे बदला, नसेल तर पुढच्या पायरीत. मला या सगळ्यात हीच चाचणी सगळ्यात आवडते कारण तिला कुठलंच मीटर लागत नाही, काळ्या-पांढऱ्या रेघांची सरासरी कुठल्याही स्क्रीनवर निम्माच उजेड देते, आणि १८७ हा आकडा २.२ गॅमाला त्या निम्म्या उजेडाच्या अगदी जवळ येतो.

पायरी ५: मधेच रंग बदलणारी सॉफ्टवेअर

रात्री स्क्रीन पिवळी करणारं काही चालू आहे का बघा, नाइट लाइट किंवा एफलक्स. वापरायला ती चांगली आहेत पण चाचणीच्या वेळी बंदच हवीत. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमधे सॅचुरेशन, व्हायब्रन्स, ह्यू, गॅमा असे स्लायडर असतात, मशिन दुसऱ्या कुणाकडून आलं असेल तर तिथे हमखास काहीतरी हलवलेलं असतं, सगळे डिफॉल्टवर आणा.

विंडोज ७ मधे कॅलिब्रेट डिस्प्ले कलर नावाचं टूल आतच आहे, स्टार्टमधे कॅलिब्रेट टाइप केलं की येतं, त्यात गॅमा आणि रंगांचा तोल दोन्ही जमवता येतात आणि विंडोज ते सेटिंग दर वेळी स्वतः लोड करतं. एक्सपीमधे विंडोज हे स्वतः करत नाही, त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम स्टार्टअपमधे ठेवावा लागतो, जुन्या फोटोशॉपबरोबर येणारं अडोबी गॅमा हे त्यातलंच. एका वेळी असा एकच प्रोग्रॅम ठेवा. दोन असले तर जो नंतर लोड होतो त्याचं चालतं, आणि मग रीस्टार्टनंतर कधी असे रंग तर कधी तसे, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

अजून एक लक्षण ओळखून ठेवा. वॉलपेपरमधे पांढरं नीट दिसतंय पण तोच फोटो विंडोज ७ च्या फोटो व्ह्यूअरमधे उघडला की पिवळट दिसतोय, असं असेल तर मॉनिटरबरोबर आलेली कलर प्रोफाइल, म्हणजे मॉनिटर रंग कसे दाखवतो ते सांगणारी फाइल, खराब आहे. फोटो व्ह्यूअर ती प्रोफाइल वापरतो. कंट्रोल पॅनेलमधे कलर मॅनेजमेंट उघडा, तुमचा मॉनिटर निवडून यूज माय सेटिंग्जवर टिक करा, एसआरजीबी प्रोफाइल अॅड करून तीच डिफॉल्ट करा, व्ह्यूअर बंद करून परत उघडा.

पायरी ६: आता फोटो

इथपर्यंत आलात तर स्क्रीनवर विश्वास ठेवता येईल, आता फोटो तयार करायचा. शक्य असेल तर हे काम एखाद्या नव्या मशिनवर करा आणि जुन्यावर फक्त तयार फाइल न्या, कारण कमी रॅमवर गिम्प वगैरे फोटो एडिट करायचे प्रोग्रॅम चालवणं म्हणजे वाट बघत बसणं.

पहिलं काम, फोटो एसआरजीबीमधे आणा. हल्लीचे बरेच फोन डिस्प्ले पी३ नावाच्या मोठ्या रंगमापात फोटो काढतात, आयफोन २०१६ च्या ७ पासून, आणि कॅमेऱ्यात अडोबी आरजीबी निवडलेलं असेल तर तेही मोठंच माप आहे. नवा फोन ते माप वाचून बरोबर दाखवतो, पण जुन्या विंडोजचा डेस्कटॉप ते आकडे एसआरजीबीचेच समजून दाखवतो, म्हणून लाल फूल विटकरी दिसतं आणि हिरवी पानं मेल्यासारखी. गिम्पमधे इमेज मेनूत कलर मॅनेजमेंट, तिथे कन्व्हर्ट टू कलर प्रोफाइल करून एसआरजीबी निवडा. शेजारीच असाइन म्हणून पर्याय असतो, तो वापरू नका. कन्व्हर्ट केलं की रंग तोच राहावा म्हणून आकडे बदलतात, असाइन केलं की आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो, म्हणजे आपल्याला नको तेच होतं.

दुसरं, फोटो कापून आणि लहान करून बरोब्बर स्क्रीनच्या आकाराचा करा, १०२४ बाय ७६८ असेल तर तेवढाच, आणि वॉलपेपरला सेंटर ठेवा. जुनं विंडोज मोठा फोटो लहान करताना फार ढोबळ करतं, बारीक पानं, केस, जाळी असं काही असेल तर तिथे रंगीत कचरा दिसतो. आणि क्रम महत्त्वाचा, आधी आकार, मग रंग कमी करायचे असले तर ते. उलटं केलं तर रंग कमी करताना बनलेले ठिपके आकार बदलताना फिसकटतात.

आता तुमचं मशिन २४ किंवा ३२ बिटवर चालत असेल तर रंगाचं काम झालं, थेट सेव्ह करण्याकडे जा. १६ बिटवर असेल तर आकाशाचं सांगतो, कारण सगळ्यांची तक्रार तीच असते. १६ बिटमधे लालला ५ बिट, हिरव्याला ६ आणि निळ्याला ५ मिळतात, म्हणजे लाल आणि निळ्याच्या फक्त ३२ पातळ्या आणि हिरव्याच्या ६४. समजा आकाश ६०० पिक्सेल उंच आहे आणि वरून खाली येताना लालचा आकडा ९० पासून १७० पर्यंत जातो. २४ बिटमधे हा बदल ८० बारीक पायऱ्यांत होतो, डोळ्याला एकही दिसत नाही. १६ बिटमधे लालची एक पायरी ८ ची, म्हणजे फक्त १० पायऱ्या, प्रत्येक साधारण ६० पिक्सेल उंच, स्वच्छ पट्टा दिसतो. त्यात हिरव्याच्या पायऱ्या वेगळ्या जागी बदलतात, म्हणून पट्ट्यांच्या कडेला कुठे गुलाबी तर कुठे हिरवट झाक येते. शुद्ध राखाडीचंही तेच, धुक्याच्या फोटोत म्हणून हिरवट-गुलाबी ढग दिसतात. मॉनिटर कितीही जमवला तरी हे जाणार नाही. उपाय एकच पण चांगला, फोटोत किंचित नॉइज म्हणजे बारीक दाणे टाका, चार-पाच पातळ्यांइतका, डोळ्याला जेमतेम कळेल एवढाच. पट्ट्याची सरळ कड मोडते आणि दुरून बघितलं की आकाश परत सलग दिसतं. नाहीतर सरळ असा फोटो निवडा ज्यात मोठा सपाट उतार नाही, झाडी, दगड, गर्दी, पाणी हे १६ बिटवर फार छान दिसतात.

२५६ रंगांवर अडकलेले असाल तर काम वाढतं पण जमतं. इथे पूर्ण स्क्रीनसाठी २५६ रंगांची एकच यादी असते, तिला पॅलेट म्हणतात, आणि त्यातले २० विंडोज स्वतःच्या खिडक्या-बटणांसाठी राखून ठेवतं, उरतात २३६. शिवाय ज्या प्रोग्रॅमची खिडकी पुढे आहे त्याला पॅलेटवर पहिला हक्क, वॉलपेपरला उरलंसुरलं. म्हणून दुसरा फोटो उघडला की मागच्या वॉलपेपरचे रंग अचानक भलतेच होतात, ते बंद केलं की परत येतात, बिघाड नाहीये तो. इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या प्रोग्रॅममधे इमेज मेनूत डिक्रीज कलर डेप्थ आहे, तिथे २३६ ऐवजी ६४ च्या आसपास रंग ठेवा आणि फ्लॉइड-स्टाइनबर्ग डिदरिंग चालू ठेवा. १९७६ ची पद्धत आहे पण अजूनही तीच कामाला येते, एका पिक्सेलला जो रंग मिळाला नाही त्याची चूक ती शेजारच्या पिक्सेलांवर वाटून टाकते, त्यामुळे लांबून छटा बरोबर वाटते. रंग कमी मागितले की दुसरा प्रोग्रॅम पुढे असतानाही वॉलपेपरचे रंग टिकायची शक्यता वाढते. एकाच रंगकुटुंबातला फोटो घ्या, सगळा हिरवा, सगळा तपकिरी, नाहीतर कृष्णधवल, ६४ राखाडी छटांत तर चेहरासुद्धा सुंदर येतो.

सेव्ह करताना

विंडोज ९५ ला बीएमपीच लागतं. ९८ जेपीजी घेतं पण त्यासाठी अॅक्टिव्ह डेस्कटॉप चालू करतं आणि मशिन जड होतं, तेव्हा तिथेही बीएमपी. एक्सपी जेपीजीची स्वतःच बीएमपी करून ठेवतं त्यामुळे काहीही द्या. रॅम अगदीच कमी असेल तर लक्षात ठेवा, १०२४ बाय ७६८ चा २४ बिट वॉलपेपर सव्वादोन एमबीचा असतो, १६ एमबी रॅममधे तो जाणवतो.

विंडोज ७ आणि पुढची मात्र तुमचा फोटो घेऊन त्याची स्वतःची जेपीजी कॉपी बनवतात आणि ती दाखवतात, थीम्सच्या फोल्डरमधे ट्रान्सकोडेड वॉलपेपर नावाने असते ती. म्हणजे आधीच दाबलेली जेपीजी दिली की ती दुसऱ्यांदा दाबली जाते आणि लाल-निळ्याच्या कडा फिसकटतात. म्हणून पीएनजी किंवा १०० क्वालिटीची जेपीजी द्या, व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल नको. विंडोज १० असेल तर ही क्वालिटी ८५ धरलेली असते, ती वाढवता येते: रजिस्ट्री एडिटरमधे करंट युजरखाली कंट्रोल पॅनेल, त्यात डेस्कटॉप, तिथे जेपीईजी इम्पोर्ट क्वालिटी (JPEGImportQuality) या नावाची ३२ बिट डीवर्ड व्हॅल्यू बनवा, नाव इंग्रजीत आणि मधे जागा न सोडता, आणि डेसिमलमधे १०० टाका. लॉगआउट करून परत या आणि वॉलपेपर पुन्हा लावा, आधी लावलेला आपोआप सुधारत नाही. रजिस्ट्रीत दुसऱ्या कशाला हात लावू नका.

सगळं मनासारखं झालं की मॉनिटरच्या मेनूतले आकडे, म्हणजे ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, लाल, हिरवा, निळा, एका कागदावर लिहून ठेवा किंवा मेनूचा फोटो काढा, आणि ते चाचणीचं बीएमपी जपून ठेवा. जुन्या मॉनिटरचा दिवा उतरतच असतो, तेव्हा काही महिन्यांनी ते चित्र परत लावून राखाडी चौकोन आणि रेघा तेवढ्या तपासा, आणि झाक दिसली तर पायरी ४ मधले लाल-हिरव्या-निळ्याचे आकडेच थोडे हलवा, फोटो तसाच राहू द्या.